थाप मारा, पण हिशेब द्या

"भाऊजी, तुमचा तो बाँड खलनायकाला हिशेब शिकवायला जातो आणि त्याची स्वतःचीच बेरीज चुकते की हो!" कोयनेलच्या कुंपणापलीकडून वहिनींनी सकाळीच सलामी दिली. जन्म बँकेच्या कॅश काउंटरवर गेलेला, त्यामुळे आकडा चुकला की त्यांना रात्री झोप लागत नाही. नातवाने सुट्टीत जेम्स बाँडचे सगळे चित्रपट 'डॉ. नो'पासून ओळीने लावलेत, आणि आजी भाजी निवडत शेजारी बसते. भाजी निवडून होते, आजी उठत नाही.

विषय 'गोल्डफिंगर'चा होता. 1964 चा. इयन फ्लेमिंगच्या कादंबरीत खलनायकाला फोर्ट नॉक्समधलं अमेरिकेचं सोनं चक्क उचलून न्यायचं असतं. चित्रपटवाल्यांच्या लक्षात आलं, की हे कोणी मान्य करणार नाही. मग त्यांनी वाचकाच्या मनातली शंका उचलून थेट बाँडच्या तोंडी घातली. बाँड गोल्डफिंगरला सुनावतो : 15 अब्ज डॉलरचं सोनं म्हणजे 10,500 टन, 60 माणसं लावलीस तरी 200 ट्रक भरायला 12 दिवस लागतील. त्यावर गोल्डफिंगर हसतो. सोनं न्यायचंय कोणाला? आत अणुस्फोट घडवून ते 58 वर्षं हात लावण्याजोगं ठेवायचं नाही, म्हणजे आपल्या तिजोरीतल्या सोन्याचा भाव आपोआप चढेल.

"तेव्हा सोन्याचा सरकारी भाव होता औंसाला 35 डॉलर," वहिनी म्हणाल्या. "15 अब्जाला 35 नं भागा आणि औंसांचे टन करा. तेरा हजारांच्या वर जातात. साडेदहा हजार कुठून आणले?"

"म्हणजे पटला नाही तुम्हाला."

"पटला हो! तिथेच तर पटला. आकडा चुकला असेल, पण कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसलं होतं ना? आमच्याकडे चुकीची स्लिप भरणाऱ्याला आम्ही समजावून सांगायचो. कोरी स्लिप सरकवणाऱ्याला मात्र परत पाठवायचो."

मला हे फारच आवडलं. बाँडपटांत भव्यता हवी की विश्वासार्हता, यावर माणसं वर्षानुवर्षं वाद घालत आलीत. वहिनींनी तो वाद काउंटरवरच मिटवला. थाप केवढी मोठी हे बघायचंच नाही. स्लिप भरलीय की नाही, एवढंच बघायचं.

मी थोडी परीक्षा घेतली. म्हटलं, त्याच चित्रपटात अंगभर सोनेरी रंग फासून मुलगी मारतात. त्वचेला श्वास घेता आला नाही म्हणून ती गेली, असं बाँड सांगतो. माणूस कातडीतून श्वास घेतो होय? वहिनी म्हणाल्या, "तो इतक्या शांतपणे सांगतो, की विचारायची आपल्यालाच लाज वाटते." म्हणजे भरवशाच्या माणसाची सही असली की स्लिप न वाचता पुढे जाते. हेही बँकेत चालतं, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी तो विषय वाढवला नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढच्याच वर्षीच्या 'थंडरबॉल'मध्ये तर खऱ्या-खोट्याची अदलाबदलच झालीय. सुरुवातीला बाँड पाठीला यंत्र बांधून गढीवरून उडतो, ते बघून आपल्याला वाटतं, निव्वळ लोणकढी! पण ते यंत्र खरं होतं. अमेरिकेच्या बेल कंपनीचा रॉकेट-पट्टा. माणूस त्यावर वीसेक सेकंद खरोखर उडायचा. उलट पाण्याखाली बाँड तोंडात धरतो ती बोटभर लांबीची श्वासनळी अगदी दुकानात मिळेल अशी वाटते, आणि ती पूर्ण खोटी. ब्रिटिश लष्कराच्या अभियंत्यांनी म्हणे चित्रपटवाल्यांना फोन करून विचारलं होतं, की ही किती वेळ चालते? उत्तर मिळालं : जितका वेळ तुम्ही श्वास रोखाल तितका वेळ. वहिनी एवढ्या हसल्या, की त्यांच्या घरातून "काय झालं?" म्हणून आवाज आला.

"पण मला सांगा," त्या पुन्हा गंभीर झाल्या, "तो मधूनच फुस्स होतो, असं का? गाडी उडवतात तो."

'द मॅन विथ द गोल्डन गन', 1974. थायलंडमधला मोडका पूल, त्यावरून गाडी हवेत पूर्ण गिरकी घेते आणि पलीकडे चारी चाकांवर उतरते. मराठीत सांगायचं तर ती उडी आधी कागदावर मारली गेली. अमेरिकेत कॉर्नेलच्या प्रयोगशाळेत संगणकावर गणितं झाली. रॅम्पचा कोन, वेग, वजन, सगळं बांधून घेतलं. तोल राहावा म्हणून स्टिअरिंग गाडीच्या मधोमध आणलं. चालकाने एका फटक्यात उडी घेतली, दुसरा टेक लागलाच नाही. स्लिप इतकी चोख, की ऑडिटरने फ्रेम करून लावावी. आणि मग त्या गिरकीवर सर्कशीतल्या शिट्टीचा 'फुर्रर्र' आवाज टाकला! संगीतकार जॉन बॅरीला पुढे त्याचा पश्चात्ताप झाला. झाला असेल नाही तर काय. खरी गोष्ट खोटी वाटावी म्हणून एवढे कष्ट कोणी घेतलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

मग वहिनींनी कढीपत्त्याची फांदी माझ्याकडे दिली आणि मी त्यांना 1977 च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'ची गोष्ट सांगितली. ती मला कोणालाही, कधीही सांगायला आवडते.

बाँड स्कीवरून पळतोय, मागे मारेकरी, पुढे कडा. तो थेट कड्यावरून खाली जातो. संगीत थांबतं. माणूस पडतोय, पडतोय, पायांतल्या स्की सुटून जातायत, आणि बराच वेळ काहीच होत नाही. मग ब्रिटिश झेंड्याचं पॅराशूट उघडतं. कड्यावरून गेला तो रिक सिल्व्हेस्टर नावाचा माणूस. कडा होता कॅनडाच्या बॅफिन बेटावरचा माउंट अ‍ॅसगार्ड. ही कल्पना निर्मात्यांना सुचली ती व्हिस्कीच्या एका जाहिरातीवरून. तीत हाच सिल्व्हेस्टर याच कड्यावरून उडी घेताना दाखवला होता. बोलावून विचारलं, तर म्हणाला, ती जाहिरात बनावट आहे. स्कीवरून कडा उतरलाय त्याने, पण कॅलिफोर्नियातला एल कॅपिटन. अ‍ॅसगार्डवरून नाही. ठीक आहे, म्हणाले, आता खरोखर मार. त्याला 30,000 डॉलर मिळाले. पॅराशूट उघडताना सुटलेली एक स्की त्याला चाटून गेली. नीट अडकली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पडद्यावर ती स्की दिसते. पुढच्या खेपेला बघा.

"म्हणजे जाहिरातवाल्यांनी मारलेली थाप यांनी फेडली," वहिनी म्हणाल्या.

त्याच चित्रपटात गाडी समुद्रात शिरून पाणबुडी होते आणि कोणी तक्रार करत नाही. माझं मत असं, की सुरुवातीच्या काही मिनिटांतच एका माणसाने जिवाची ठेव ठेवलेली असते. पुढचे दोन तास निर्माते तिच्यावर उचल घेतात.

वहिनींना 'मूनरेकर' (1979) मुळीच आवडला नाही. स्टीलच्या दातांचा राक्षस विमानातून पॅराशूटशिवाय पडतो तो सर्कशीच्या तंबूवर, व्हेनिसच्या चौकात नाव रस्त्यावरून धावते आणि ती बघून कबुतर दोनदा मान वळवतं, शेवटी सगळे अंतराळात जाऊन लेझरने लढतात. इथे मात्र मला त्यांना अडवावं लागलं. कारण लोकांनी तिकिटं काढली. आधीच्या चित्रपटाच्या शेवटी पुढचा 'फॉर युअर आईज ओन्ली' असं जाहीर झालेलं होतं, पण मध्येच 'स्टार वॉर्स'ने बाजार मारला आणि बाँडला घाईने अवकाशात धाडलं गेलं. त्या चित्रपटाने इतका गल्ला जमवला, की 1995 च्या 'गोल्डनआय'पर्यंत तो विक्रम टिकला. तेव्हा अतिरेक झाला की प्रेक्षक शिक्षा करतो, हे आपलं सोज्वळ मत. शिक्षा निर्मात्यांनीच स्वतःला करून घेतली. 1981 च्या 'फॉर युअर आईज ओन्ली'मध्ये त्यांनी बाँडची भारी लोटस सुरुवातीलाच उडवून दिली आणि त्याला सित्रोएनच्या एका चिमुकल्या, खडखडणाऱ्या गाडीत बसवून पळायला लावलं. दिग्दर्शक कोण? जॉन ग्लेन. अ‍ॅसगार्डवरची उडी ज्याने चित्रित केली तोच.

"आणि मग आपल्याकडे येऊन गेले," वहिनींचा आवाज बदलला.

1983, 'ऑक्टोपसी'. हेलिकॉप्टर ताजमहालावरून जातं आणि बाँड उतरतो उदयपुरात! आग्रा कुठे, उदयपूर कुठे. रस्त्यात तलवार गिळणारा, खिळ्यांच्या फळीवर झोपलेला, निखाऱ्यांवर चालणारा, सगळे एकाच गल्लीत ठाण मांडून बसलेले. विजय अमृतराज टेनिसपटू, म्हणून रिक्षातून गुंडांना रॅकेटने हाणतो. बाँड वाघाला "बस" म्हणतो आणि वाघ बसतो. इथवर वहिनींनी सहन केलं. जुगारात जिंकलेल्या नोटा बाँड आपल्या माणसाच्या हातावर टेकवतो आणि काही आठवडे तुझी करीची सोय झाली असं म्हणतो, तिथे त्यांनी नातवाला रिमोट मागितला. वाघ बसणं हा विनोद आहे, तो खपतो. हा मात्र चुकीच्या गिऱ्हाइकाची स्लिप भरण्याचा प्रकार. ज्यांच्या गल्लीत तुम्ही आलात, ती माणसं तुम्ही पाहिलीच नाहीत. कबीर बेदीला शेवटी विमानाच्या पाठीवर चढवलं, तेवढं मला आवडलं. वहिनींना तेही नाही.

पण खरा निकाल लागतो तो 2002 च्या 'डाय अनदर डे'वर, कारण एकाच चित्रपटात दोन लाटा आहेत. सुरुवातीला बाँड रात्री लाटांवर स्वार होऊन किनाऱ्याला लागतो. त्या लाटा खऱ्या, हवाईच्या माउईमधल्या, आणि त्यांवर लेअर्ड हॅमिल्टनसारखे जातिवंत लाटास्वार. नंतर हिमकडा कोसळतो आणि बाँड पॅराशूट धरून महाकाय लाटेवर तरंगतो. ती लाट संगणकाची. मोठी कोणती? दुसरी. लक्षात कोणती राहते? दोन्ही राहतात म्हणा, पण दुसरी लोक हसायला आठवतात. वर अदृश्य होणारी गाडी. तिथे हिशेब मागायलाच जागा नाही. दिसतच नाही तर विचारणार काय! गंमत म्हणजे, या चित्रपटानेही तोपर्यंतच्या प्रत्येक बाँडपटापेक्षा जास्त पैसे मिळवले. आणि तरी चार वर्षांनी 'कॅसिनो रोयाल'मध्ये निर्मात्यांनी दुकान धुऊन काढलं. नवा बाँड धावतो, पडतो, भिंत फोडून जातो, त्याला लागतं, रक्त येतं. त्यातली अ‍ॅस्टन मार्टिन उलटायलाच तयार नव्हती, गाडी इतकी स्थिर. शेवटी खाली हवेच्या दाबाची तोफ बसवून उलटवली, तर सात कोलांट्या घेतल्या. गिनेस बुकात नोंद झाली.

"तुम्हाला सगळ्यात कोणता?" मी विचारलं.

"'फ्रॉम रशिया विथ लव्ह'. आगगाडीच्या डब्यात दोन माणसं मारामारी करतात. संपलं. एवढीशी जागा, पण काच फुटली की आपण मागे सरकतो."

मला तेवढ्यावर भागत नाही. मला कडाही हवा आणि झेंड्याचं पॅराशूटही हवं. फक्त त्या कड्यावरून कोणीतरी गेलेलं असावं.

आता मालिकेचं दुकानच दुसऱ्याच्या हाती गेलंय. 2021 मध्ये 'नो टाइम टू डाय'च्या शेवटी बाँडला मारलं. 2025 च्या फेब्रुवारीत सर्जनशील निर्णयांचे अधिकार ब्रॉकली कुटुंबाकडून अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे गेले, आणि त्याच वर्षी पुढच्या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव यांचं नाव जाहीर झालं. नवे मालक गल्ल्याचे आकडे बघूनच बसलेले असणार, आणि त्यांतले काही आकडे अदृश्य गाडीच्याही बाजूने बोलतात. म्हणून थोडी धास्ती आहे.

तोवर ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे, त्यांनी 1963 ('फ्रॉम रशिया विथ लव्ह'), 1977 आणि 2006 हे तीन आधी बघावेत. 2002 चाही लावायला हरकत नाही. लाटांवरचा पहिला प्रवेश बघा, तलवारींची लढत बघा, आणि बर्फाचा महाल आला की उठून चहाला आधण ठेवा.