घरचे तेल

वाणिज्य महाविद्यालयांत आढळणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ‘भावी उद्योजक’ हा वर्ग स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. उद्योजकता, म्हणजे संधी हेरून, साधने जमवून आणि नुकसान झाल्यास ते स्वतः सोसण्याच्या तयारीने काही नवे उभे करण्याची वृत्ती, हा त्याचा ऐच्छिक विषय असतो; तो निवडण्यामागे दुसरा पर्याय संख्याशास्त्राचा होता, एवढेच कारण बहुधा सापडते. अर्थशास्त्रज्ञ शुंपीटरचा ‘सर्जनशील विध्वंस’, म्हणजे नव्या उत्पादनाने जुन्याला बाजारातून हुसकावून लावणे, त्याला तोंडपाठ असतो. मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंडने 1960च्या दशकात काकीनाडा येथील व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन यशाची आस शिकवता येते असे मत मांडले, हे तो टपरीवर चहा उधार घेताना ऐकवतो. परीक्षेत मात्र ‘जोखीम’ या प्रकरणावरील प्रश्न तो पर्यायात सोडून देतो, कारण त्यात गुण पडण्याची खात्री नसते.

त्याच्या प्रत्येक सादरीकरणाचा प्रारंभ लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या छायाचित्राने होतो. बेळगावात 1888 मध्ये सायकलींचे दुकान काढणाऱ्या आणि 1910 मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या या गृहस्थांनी उद्योजकतेची कोणतीही पदविका घेतली नव्हती, ही बाब स्लाइडवर जागेअभावी राहून जाते.

या विषयाचे प्रात्यक्षिक म्हणजे वार्षिक खाद्यमेळा. त्यात भावी उद्योजक बटाटेवड्यांचा स्टॉल लावतो आणि संध्याकाळी गुंतवणुकीवरील परतावा, म्हणजे घातलेल्या पैशाच्या तुलनेत झालेला नफा, इतका भरघोस दाखवतो की परीक्षकांनाही नोकरीचा क्षणभर वीट यावा. या हिशेबात पाव आणि कागदी प्लेटा एवढाच खर्च धरलेला असतो. तेल, बेसन आणि गॅस घरचा, पहाटे चारला उठून बटाटे सोलणारी आई घरची, आणि पातेली पोहोचवणारे वडीलही, स्कूटरसह, घरचेच असतात. अर्थशास्त्रात अशा योगदानाला अंतर्निहित खर्च म्हणतात; घरात त्याला काहीच म्हणत नाहीत.

पदवीनंतर या वर्गाला अनेक वाटा फुटतात. कोणी वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो आणि पहिल्याच दिवशी त्याच्या हाती फडके येते. कोणी बँकेत अधिकारी होऊन नवउद्योजकांकडे तारण मागतो. कोणी नवउद्यमात ‘व्यवसाय विकास अधिकारी’ होतो, म्हणजे दिवसभर अनोळखी लोकांना फोन करतो. खरा बेरका मात्र 2008 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी लागणारे प्रकल्प अहवाल इतरांना लिहून देतो आणि शुल्क आगाऊ घेतो. पुस्तकातील व्याख्येत काटेकोर बसत नसला, तरी धंदा करणारा या सगळ्यांत बहुधा तोच.

सर्वांत सुरक्षित वाट नेट परीक्षेची. ती उत्तीर्ण झालेला भावी उद्योजक त्याच विषयाचा प्राध्यापक होतो आणि पुढच्या खाद्यमेळ्यात परीक्षक म्हणून वड्याचा तुकडा मोडत विचारतो, “तेल कुठले?” उत्तर येते, “घरचे, सर.” तो मान डोलावतो आणि ‘खर्चनियंत्रण’ या रकान्यात दहापैकी दहा गुण लिहितो.