चौदा-बारा

मी व्हॉलीबॉल फारसा खेळलो नाही. मी गुण लिहायचो. पिंपरीच्या आमच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटली की गेटमागच्या मैदानात नेट बांधलं जायचं आणि माझ्या हाती खडू-फळा यायचा. अप्रेंटिसला याहून जबाबदारीचं काम कुणी देत नसे. काम सोपं होतं. इतकं सोपं, की बराच वेळ ते नसायचंच.

आताच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. तेव्हा ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट. समोरच्याने लोटांगण घालून बॉल उचलावा, बूस्टरने अलगद वर द्यावा, मारणाऱ्याने तो खाडकन जमिनीत गाडावा, शिट्ट्या, आरोळ्या; आणि पंचाने हात करून सांगावं, ‘सर्व्हिस चेंज’. फळा कोराच. एवढा घाम गाळून मिळालं काय, तर कमावायला सुरुवात करायची परवानगी! मग ही मंडळी सर्व्हिस करणार, ती नेटमध्ये अडकणार, पुन्हा चेंज. सर्व्हिस चुकली तरी पॉइंट जात नसे, त्यामुळे पेंट शॉपचा एक गडी बॉल बिनदिक्कत कंपाउंडपलीकडच्या भंगारात धाडायचा आणि हसत जागेवर यायचा. बॉल आणायला अर्थातच अप्रेंटिस.

त्या बुधवारी मशीन शॉप विरुद्ध पेंट शॉप सामना होता. तिसरा, म्हणजे शेवटचा सेट. पाच वाजून दहा मिनिटांनी मी फळ्यावर १४-१२ लिहिलं आणि खडू खिशात टाकला. मशीन शॉपला एक पॉइंट हवा होता, फक्त एक. साडेपाचला जनरल शिफ्टची बस लागली, तेव्हाही १४-१२. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. तिसऱ्यांदा द्यायच्या ऐवजी तो स्वतःच शिव्या द्यायला खाली उतरला, दोन रॅली पाहिल्या आणि लाईनला लागून उकिडवा बसला. पाठोपाठ अकाउंट्सचे साहेब डबा काखेत मारून उतरले. सर्व्हिस इकडे, सर्व्हिस तिकडे. मधेच कुणीतरी मला म्हणालं, ‘‘अरे, झोपलास का? लिही की!’’ मी काय लिहिणार?

सहा वाजून गेले, बॉल दिसेना. फोरमनसाहेबांनी निकाल दिला, राहिलेला खेळ १४-१२ पासून पुढे. गुरुवारी आमच्या पट्ट्यातली नेहमीची सुट्टी. शुक्रवारी शिफ्ट बदलली, अर्धं मशीन शॉप सेकंडला गेलं. तो सामना अजून व्हायचा आहे.

अमेरिकेतल्या विल्यम मॉर्गनने १८९५ मध्ये हा खेळ काढला, तो बास्केटबॉलची दगदग न झेपणाऱ्या पोक्त व्यापारी मंडळींसाठी. त्याच्या नियमांत नऊ डाव असत, म्हणजे शेवट कुठे ते ठरलेलं. पंधरा पॉइंटांच्या पद्धतीत ती सोयच उरली नाही. तुल्यबळ संघ भिडले की किती वेळ लागेल हे पंचालाही सांगता येत नसे, आणि टीव्हीवाल्यांना तर पुढच्या कार्यक्रमाची वेळ पाळायची असते. आधी १९८८ मध्ये पाचव्या सेटपुरता प्रत्येक रॅलीला पॉइंट आला. पुढे १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने सगळ्याच सेटांना तो नियम लावला. पहिले चार सेट २५ चे, पाचवा १५ चा, आणि दोनची आघाडी हवीच.

गंमत अशी, की १५ चे २५ झाले आणि वेळ मात्र कमी झाला. आता २५-२३ सुटलेल्या सेटमध्ये रॅली किती झाल्या? बेरीज करा, अठ्ठेचाळीस. दोन्हीकडचे आकडे म्हणजेच खेळाचा सगळा हिशेब. आमच्या १४-१२ मागे किती रॅली गाडल्या होत्या ते फळा पाहून कुणालाही कळलं नसतं. अलीकडच्या प्राइम व्हॉलीबॉल लीगने तर सेट पुन्हा पंधरावरच आणला, पण आमचा पंधरा नव्हे. त्यात तुमचा बस ड्रायव्हर धड उकिडवासुद्धा बसून होणार नाही.

परवा चाकणजवळ म्हाळुंग्यात पुतण्याच्या कंपनीत फॅमिली डे होता. तिथे मॅच पाहिली. इलेक्ट्रॉनिक बोर्डावर आकडा सारखा पळत होता. सर्व्हिस नेटमध्ये, समोरच्याला पॉइंट. कंपाउंडपलीकडे मारणारा तो गडी इथे एका दुपारीत संघाबाहेर गेला असता. तीन सेट तासाभरात आटोपले आणि जेवण गरम मिळालं. नाव ठेवायला जागा नव्हती, तरी मी थोडी शोधलीच.

‘‘काका, तुमच्या त्या पद्धतीत कंटाळा नाही यायचा?’’ म्हाळुंग्याहून परतताना पुतण्याने विचारलं. तेवढ्यात तळेगाव चौक आला. म्हणजे लांबून दिसला. सिग्नल हिरवा झाला, पुढचा कंटेनर जरासा हलला, आमच्यात नि त्याच्यात एक रिक्षा घुसली, सिग्नल लाल झाला. पुन्हा हिरवा. नाशिककडून येणाऱ्या एसटीने चौक अडवून धरला. पुन्हा लाल. चौथ्यांदा हिरवा होऊनही आम्ही त्याच टायरवाल्याच्या दुकानासमोर होतो.

पुतण्याने इंजिन बंद केलं, सीट मागे घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘काका, स्कोअर?’’

‘‘चौदा-बारा,’’ मी म्हटलं.