रा. रा. बायो-बबल यांस अनावृत पत्र

पेण, जि. रायगड
३० मे २०२१

रा. रा. बायो-बबलसाहेब यांस,
मुक्काम सध्या अधांतरी, लवकरच अमिराती

सा. न. वि. वि.

४ मे रोजी आयपीएल मध्येच थांबली आणि आपण फुटलात. बातमी ऐकली तेव्हाच दुखवट्याचं पत्र टाकायला हवं होतं, पण त्या दिवसांत आमच्याकडे दुखवट्याचे फोन इतके चालू होते की आपला नंबर लागेपर्यंत महिना उलटत आला. तेवढ्यात काल कळलं की आयपीएलचे उरलेले ३१ सामने सप्टेंबर-ऑक्टोबरात अमिरातीत होणार. म्हणजे आपण पुन्हा फुगणार. तेव्हा दुखवटा मागे घेतो आणि त्याच शाईत अभिनंदन करतो.

ओळख सांगायला हवी. मी गुणलेखक. क्रिकेटचा नव्हे, कबड्डीचा. पेणपासून रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात थंडी पडली की पाऊस येईस्तोवर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात हॅलोजन लागतात, माती भिजवून मैदान चोपलं जातं आणि मी टेबलापाशी वही उघडून बसतो. दोन मोसम झाले, वही कोरी आहे. आमच्या खेळात समोरच्याला हात लावल्याशिवाय गुण नाही आणि सात जणांनी मिळून एकाला कवटाळल्याशिवाय पकड नाही. दीड मीटर अंतर ठेवून कबड्डी खेळायची तर पत्रानेच खेळावी लागेल. म्हणून हे पत्र.

आपल्या जातीशी आमचा परिचय मात्र जुना आहे. आमचे बाप्पा अमेरिकेला निघतात ते पुठ्ठा, गवत आणि छोट्या छोट्या फुग्यांच्या प्लास्टिकात गुंडाळूनच. फुगलेली माणसंही पाहिली आणि फुगलेल्या ठेवीही. २०१० साली आमच्या गावातली एक नागरी बँक अशी फुटली की त्याचे शिंतोडे लोक अजून पुसत आहेत. त्यामुळे फुटलात म्हणून आम्ही आपल्याला नावं ठेवणार नाही. आम्हाला कौतुक आहे ते फुटण्याआधीच्या पंचवीस दिवसांचं.

काय आपली शान! २८ मार्चपासून राज्यात रात्री आठनंतर जमावबंदी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपल्या मुलांना मात्र आठनंतर सराव करायची सरकारी परवानगी मिळाली. इकडे आमच्या आळीतली चार पोरं संध्याकाळी मोकळ्या मैदानात नुसत्या उठाबशा काढत होती, तर त्यांना काठी दाखवून पिटाळलं. चूक पोरांचीच. त्यांनी आधी संघ विकायला काढायला हवा होता.

मग लग्नाचं घ्या. २२ एप्रिलपासून नियम आला की लग्न एका ठिकाणी, दोन तासांत, पंचवीस माणसांत, आणि मोडलात तर दंड ५० हजार. रोह्याला माझ्या मेव्हणीच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं. आगरी लग्न म्हणजे हळदीलाच गाव जेवतं. पंचवीस माणसं तर मांडव घालायला लागतात. आम्ही यादी करायला बसलो. नवरा-नवरी, आईबाप, दोन्ही मामा, भटजी, धवले म्हणणारी धवलारीण (तिच्याशिवाय लग्न लागलं असं आमच्या सासूबाई मानतच नाहीत) आणि फोटोवाला. करता करता सव्वीसावर गाडी अडली. तेव्हा कोणीतरी म्हणालं, अरे, आयपीएलचं बघा ना. अकरा आणि अकरा बावीस, दोन पंच, एक तिसरा पंच. बरोब्बर पंचवीस! कायद्यात बसतंय. मग आम्ही भटजींना तिसरा पंच केलं आणि त्यांनी मंगलाष्टकं व्हिडिओ कॉलवरून म्हटली. निर्णय द्यायला तेवढाच वेळ लागला, कारण रेंज नव्हती. आपल्या सामन्याला मात्र पावणेचार तास लागतात. त्याला दंड किती, ते आदेशात सापडलं नाही.

आपण गरिबांना विसरलात असंही मी म्हणणार नाही. १३ एप्रिलच्या आदेशात आपलं नाव आहे, मी स्वतः वाचलंय. कामगार कारखान्याच्या आवारातच राहणार असतील, किंवा वेगळ्या जागी ठेवून त्यांची ने-आण 'बबल'मधून होणार असेल, तर काही कारखाने चालू ठेवता येतील. म्हणजे आपण धाटावच्या एमआयडीसीपर्यंत पोहोचलात की! कुंडलिकेच्या काठी, रसायनांच्या वासात. फरक एवढाच की वानखेडेच्या बबलमध्ये माणूस सातव्या मजल्यावरून समुद्र बघतो आणि कारखान्याच्या बबलमध्ये शेडच्या कोपऱ्यात सतरंजी टाकून पंख्याकडे बघतो. शब्द एक, गादी वेगळी.

आता १९ एप्रिलची गोष्ट सांगतो. त्या रात्री वानखेडेवर चेन्नई विरुद्ध राजस्थान. साडेसातला सामना सुरू झाला. आठ वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे पहिली सहा-सात षटकं झाली असतील तेव्हा, आमच्याच जिल्ह्यातल्या कळंबोलीहून देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस सुटली. सपाट डब्यांवर सात रिकामे टँकर चढवलेले. उंचीमुळे घाटातल्या बोगद्यांतून जाईनात, म्हणून वसईला वळसा घालून, जळगाव, नागपूर, रायपूर करत विशाखापट्टणमला. १८५० किलोमीटर, पन्नास तासांहून थोडे जास्त. तिकडे भरून घेतले, येताना तीन नागपूरला उतरवले आणि चार २४ तारखेला नाशिकला पोहोचले. चेन्नईने सामना ४५ धावांनी जिंकला. गंमत म्हणजे प्राणवायू आमच्या पेण तालुक्यातही तयार होतो. वडखळजवळ डोलवीला पोलादाची भट्टी आहे, तिच्यासाठी लागणारा वायू आता दवाखान्यांकडे वळवलेला. टँकर आमच्या डोळ्यांदेखत गोवा महामार्गाला लागायचे. २०११ पासून रुंद होत असलेल्या त्या महामार्गाचे खड्डे चुकवत जायचे, आणि आम्ही हात जोडायचो. पालखी गेल्यासारखं.

त्याच रात्री रोह्याहून फोन आला, मामांचा ऑक्सिजन ८६.

मामा म्हणजे बायकोचे मामा. तरुणपणी चढाई करायचे. त्यांचा दम असा की समोरचे कंटाळून चुका करायचे. कबड्डी-कबड्डी असा एकसुरी घुमारा, मध्ये श्वास घेतल्याचा संशयसुद्धा नाही. पंच कान लावून थकायचे. पहिली लस घेऊन त्यांना आठच दिवस झाले होते. खाट मिळाली ती तिसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर फोनवरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पालथं झोपवा. भाच्याने फोटो पाठवला. मामा चटईवर पालथे, एक हात डोक्याच्या पुढे ताणलेला, बोटावर तो चिमटा. चाळीस वर्षांपूर्वी सात जणांच्या ढिगाखालून ते असाच हात मधल्या रेषेकडे काढायचे. मी तो फोटो बायकोला दाखवला नाही.

खोटं कशाला बोलू, २५ तारखेला मुंबईतला आपला शेवटचा सामना मीही पाहिला. जडेजाने शेवटच्या षटकात ३६ काढल्या, नोबॉल धरून षटकात ३७. पाचवा षटकार गेला तेव्हा मी ओरडलो. मग लाजलो. तेवढ्यात भाच्याचा मेसेज आला, ९२. मग पुन्हा ओरडलो. दोन्ही आकडे कबड्डीच्या त्याच कोऱ्या वहीत लिहून ठेवलेत, कारण त्या मोसमात दुसरं काही लिहायला नव्हतं.

राजकारणाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो खेळ आपल्यालाही भारी आहे. संचारबंदी १४ एप्रिलच्या रात्रीपासून आणि पंढरपूरची पोटनिवडणूक १७ एप्रिलला. विठोबाच्या दर्शनाला बंदी, उमेदवाराच्या दर्शनाला नाही. तिथे कुठला बबल होता ते कळवलंत तर आमच्या गावदेवीच्या जत्रेला तोच मागवू. मग १७ मे रोजी तौक्ते वादळ आलं. गेल्या वर्षीच्या ३ जूनच्या निसर्ग वादळातले उडालेले पत्रे काहींनी नुकतेच ठोकून घेतले होते, ते पुन्हा उडाले. पुढचा आठवडा कोणी कोकणात किती दिवस काढले आणि कोणी किती तास, याच्या गुणफलकात गेला. मी व्यवसायाने गुणलेखक, पण त्या सामन्यात गुण कोणाला द्यायचे ते ठरेना. वीज नव्हती, त्यामुळे वाद टीव्हीवर पाहावा लागला नाही, एवढा एक बोनस.

आता मुद्द्याचं. आपण मोठ्या लोकांत वावरता, म्हणून एक नियम आपल्या कानावर घालतो. कबड्डीत खेळाडू बाद झाला की मागे बाकावर जाऊन बसतो. त्याच्या संघाने समोरचा गडी बाद केला की बाकावरचा एक जण जिवंत होऊन आत येतो. कोण? जो पहिला बाद झाला, तो. कर्णधाराचा लाडका नाही, ज्याचा फोन भारी तो नाही. बाद झाल्याच्या क्रमानेच जिवंत व्हायचं. तो क्रम माझ्या वहीत असतो आणि त्यावरून भांडणं झाली की सगळे माझ्या टेबलापाशी येतात. हाणामारीपर्यंत गेलेले सामने या एका ओळीवर शांत झालेले मी पाहिलेत.

१ मेपासून १८ ते ४४ च्या लोकांसाठी लस खुली झाली. बाकावरून कोण आधी उठणार ते मोबाइल ठरवणार होता. आमच्या भागातल्या एका केंद्राचे दिवसाचे डोस दोन मिनिटांत संपायचे. सकाळी पाहावं तर फाटकापाशी शहराकडच्या नंबरप्लेटच्या गाड्या लागलेल्या. मंडळी सभ्य. सॅनिटायझर स्वतःचं, पाणी स्वतःचं. जाताना पेणचे पापड आणि पोहे घेऊन गेली. त्यांना दोष नाही, त्यांचं बोट लवकर पडलं. आणि त्याच केंद्राच्या समोरच्या घरातला पोरगा, वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवणारा, कुंपणावर हात टेकून बघत होता. त्याला ओटीपी आला होता, पण तो आला तेव्हा हा रेंजबाहेर होता. त्याची आजी मला विचारते, "मंग आमच्या दारातली सुई आमाला का नाय?" मी म्हटलं, आजी, हा अवे सामना आहे. बारा दिवसांत लस पुरेना म्हणून राज्याने त्या वयाचं लसीकरणच थांबवलं. सगळेच बाद, त्यामुळे भांडण मिटलं.

माझं स्वतःचं सांगतो. एप्रिलच्या सुरुवातीला पहिला डोस घेतला तेव्हा सांगितलं, सहा ते आठ आठवड्यांनी या. दिवस मोजत होतो. १३ मे रोजी कळलं, आता बारा ते सोळा. शास्त्रज्ञांची कारणं असतील, मी त्यात पडत नाही. पण चढाई अर्ध्यावर असताना बोनसची रेषा पुढे सरकवलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पाय उचलून ठेवलाय, दम चालू आहे.

आपल्याकडे हे असं होत नाही. आठ संघ, प्रत्येकाला ठरल्या दिवशी चाचणी, ठरलेली खोली, ठरलेली बस. आणि बाहेरचा आत येऊ नये, आतला बाहेर जाऊ नये म्हणून 'बबल इंटिग्रिटी मॅनेजर' नावाचा माणूस! हे नाव मी मामांना वाचून दाखवलं. मामा आता घरी आहेत, ओटीवर बसतात, जिना चढले की थांबतात. ते म्हणाले, म्हणजे लाइनमनच की रे, रेषेवर बसून पाय बाहेर पडला का ते बघायचं. मग जरा दम घेऊन विचारलं, वहीत माझा नंबर लिहिलायस ना? लिहिलाय. आळीतल्या सगळ्यांचाच लिहिलाय. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला तारीख. बाद कधी आणि जिवंत कधी. काही नावांपुढे उजवी बाजू रिकामीच राहणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गुणलेखक

ता. क. अमिरातीला जायला अजून साडेतीन महिने आहेत. तोवर आपला तो इंटिग्रिटी मॅनेजर मोकळाच असेल, तर त्याला इकडे पाठवून द्यावा. केंद्राच्या फाटकापाशी बसवतो, वही मी देईन, खुर्ची समोरची आजी देईल. फक्त सकाळी अकराच्या आत पोहोचायला सांगा, त्यानंतर चहा मिळत नाही.