शहाण्णव

दिल्लीतल्या आर. के. पुरमला कुणी रामकृष्णपुरम म्हणत नाही, आणि इथलं कुणी मूळचं इथलं नसतं. सेक्टरमागून सेक्टर सरकारी क्वार्टरांचे. दारावरची पाटी बदलीगणिक बदलते, चुना तेवढा टिकतो. अशा ठिकाणी नानांनी एक झाड लावलंय. खिडकीबाहेरच्या कडुलिंबासारखं ते सरकारजमा नाही. वंशावळीच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये ते वाढतं, गीतेतल्या अश्वत्थासारखं मुळं वर आणि फांद्या खाली ठेवून. नावाशेजारच्या अधिक चिन्हावर टिचकी मारली की मुलं घरंगळत बाहेर येतात. उणेवर मारली की अख्खी पिढी दुपारच्या झोपेला आत जाते.

गेल्या उन्हाळ्यात नानांना नवा लॅपटॉप घेतला. पडदा तळ्यासारखा नितळ, ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा. नानांनी त्यावर झाड उघडलं, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. "अरे, मोरोपंतांचे मारापत कुणी केले?" खरंच की! केशव कशव झाले होते, रघुनाथांचा उकार गळाला होता. अक्षरं वाढली होती, ओळी पूर्वीच्याच. गोवा एक्स्प्रेसच्या मधल्या बर्थवर ताठ बसू पाहणाऱ्या माणसासारखे आमचे पूर्वज, वर मात्रा मोडलेले आणि खाली पाय कापलेले.

खोट ९६ या आकड्यात होती. शहाण्णव म्हटलं की मराठी माणसाला कुळं आठवतात, विंडोजला इंचातले ठिपके. छापखान्यातला पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. पडदा कागदापेक्षा एक तृतीयांशाने लांब असतो असं धरून ७२ चे ९६ केले गेले. म्हणजे हा आकडा मुळात यंत्राचा नव्हेच. वाचणारा किती लांब बसतो, याचा तो कुणीतरी बांधलेला अंदाज. नानांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मग मला विचारायचं होतं!"

नव्या पडद्यावर इंचात पावणेतीनशेहून जास्त ठिपके. अक्षरं पॉइंटांत मोजलेली, म्हणून ती मोठी झाली. ओळीची उंची मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठिपक्यांत कोरून ठेवलेली, आणि नावाशेजारचं सोळा ठिपक्यांचं चित्र मोहरीएवढं. हे झाड सोवळंही फार: ओळीला विषम उंची दिली तर खास परवानगीवाचून घेत नाही, एक ठिपका कमी करून सम करून घेतं. (आमच्या आजीला एक लाडू वाढायला चालत नसे, तिने निदान दुसरा दिला असता.)

मग उपाय. प्रोग्रॅमच्या चिन्हावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. तिथे मोजमापाची जबाबदारी प्रोग्रॅमकडून काढून सिस्टीमकडे देता येते. नुसतं 'सिस्टीम' निवडलं तर सगळं चित्र ताणून मोठं होतं, पावसात ओल्या काचेतून टेकडीवरचं मलाई मंदिर दिसावं तसं. नानांनी पुन्हा चष्मा पुसला. मग २०१७ पासून विंडोज १० मध्ये आलेलं 'सिस्टीम एन्हान्स्ड' निवडलं. त्यात अक्षरं नव्याने रेखली जातात, चित्रं तेवढी धूसर राहतात.

मोरोपंत परतले. केशवांना मात्रा मिळाली, रघुनाथांना उकार. नाना एकेक अधिक उघडत, प्रत्येक नाव पुटपुटत खाली आले. अगदी तळाला मी होतो, शरद. काना ना मात्रा, उकार ना वेलांटी. मला कुठे कापलंच गेलं नव्हतं.