फोटोच्या मागची बाजू

फोटोग्राफीच्या पुस्तकांत प्रकाशाबद्दल पानंच्या पानं असतात, अ‍ॅपर्चरवर प्रकरणं असतात, आणि फोटो काढला जात असताना घरची मंडळी काय करत होती याबद्दल, नशीब असेल तर, एखादं वाक्य. मी त्या वाक्याच्या शोधात असतो. तंत्र काय, आता फोनवरही कोणी ना कोणी शिकवतंच. पण एवढाल्या नावाजलेल्या माणसांच्या घरी हा नाद कसा निभावला गेला हे कळलं, की आपले चार दिवस बरे जातात.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं ‘एक्झाम्पल्स’ हे पुस्तक मला आवडतं ते एवढ्यासाठीच. आपल्या चाळीस फोटोंच्या जन्मकथा त्याने त्यात सांगितल्या आहेत. त्यातली ‘मूनराइज’ची कथा प्रसिद्ध आहे. न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावरून मोटारीने जाताना त्याला दिसलं, की कबरस्तानातल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं शेवटचं ऊन पडलंय आणि वर चंद्र आलाय. गाडी कडेला घालून त्याने बरोबरच्या दोघांवर ओरडायला सुरुवात केली: हे काढा, ते द्या. दोघांपैकी एक त्याचा मित्र सेड्रिक राइट. दुसरा त्याचा मुलगा मायकेल, वय वर्षं आठ. एक्स्पोजर मीटर काही सापडेना. तेव्हा चंद्राचं तेज चौरस फुटाला किती कँडल असतं हे पाठ होतं, त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्याने एक फोटो घेतला. दुसऱ्याची तयारी होईस्तोवर ऊन गेलेलं होतं.

जगभरचे फोटोग्राफर या कथेतून चंद्राचं गणित उचलतात. मी मायकेलला उचलतो. चंद्रासाठी पोरावर ओरडणारा बाप छापील पुस्तकात सापडला, की तो बायकोला वाचून दाखवता येतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मीटर मिळालं का शेवटी?” वेळेवर नाही मिळालं, म्हटलं. “म्हणजे जागच्या जागी ठेवायची सवय त्यांनाही नव्हती.”

याच कथेला एक शेपूट आहे. अ‍ॅडम्सला अ‍ॅपर्चर आठवत होतं, एफ ३२. शटर आठवत होतं, एक सेकंद. साल मात्र आठवत नव्हतं. या फोटोखाली त्याने १९४० पासून १९४४ पर्यंत वेगवेगळी सालं घातलेली आहेत. शेवटी खगोलशास्त्रज्ञांनी चंद्राच्या जागेवरून हिशेब मांडून १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख काढली. या कामाला आमच्या घरी खगोलशास्त्र लागत नाही. जुना कुठलाही फोटो समोर धरला तर मी सांगतो, “पन्नासची लेन्स, दोन पॉइंट आठ, थोडा अंडर गेलाय.” बायको सांगते, “कुमुदमावशीच्या नातवाचं बारसं. वैशाख. आंबरस कमी पडला होता. आणि मावशी हसत नाहीये ती तुम्ही वेळ लावलात म्हणून नाही. मानाची साडी आधी चुलतसासूच्या हातात गेली होती.” त्या फोटोत मावशीच्या चेहऱ्यावरचा प्रकाश फार सुंदर आलाय असं मी इतकी वर्षं मानत होतो. तो प्रकाश नव्हता, साडी होती.

आमच्या घरातला पहिला कॅमेरा वडिलांचा, आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. एकशेवीसचा रोल, त्यावर चौकोनी बारा फोटो. त्या बारांत गणपती, दिवाळी आणि पुढच्या मे महिन्यातली मुंज बसवायची. कॅमेऱ्याला ऊन आणि ढग एवढंच कळायचं, म्हणून माणसांना उन्हात उभं करायचं; आणि सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा हा त्या काळचा वेदमंत्र. परिणामी आमच्या अल्बमात दोन पिढ्यांची माणसं डोळे किलकिले करून बघताहेत. लग्नानंतर पहिल्यांदा अल्बम पाहताना बायकोने सासूबाईंना हळूच विचारलं होतं, “आई, तुमच्याकडे सगळ्यांनाच चष्मा लागायचा राहिला होता का?” आई जोरात हसली. नेमक्या त्या क्षणी कॅमेरा माझ्या हातात होता आणि मी रोल भरत होतो.

वडील स्वतः कुठल्याच फोटोत नाहीत. फार तर कडेला गवतावर त्यांची टोपीवाली सावली. मात्र प्रत्येक फोटोच्या पाठीवर त्यांच्या अक्षरात पेन्सिलीने तारीख, गाव आणि डावीकडून उजवीकडे नावं आहेत. तलाठ्याच्या दफ्तरात इतकी शिस्त नसेल.

पुढे मी नोकरीला लागल्यावर जुना पेंटॅक्स के १००० घेतला. १९७६ ते १९९७ एवढा काळ हे मॉडेल निघत राहिलं यातच त्याची पत्रिका आली. सगळं यांत्रिक, बॅटरी फक्त मीटरच्या काट्यापुरती. ती संपली तरी कॅमेरा चालतच राहतो. आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात वीज ज्या गतीने जाते ती पाहता असा कॅमेरा मला शहाणा वाटतो. मग डिजिटल आला आणि त्याबरोबर लेन्सा. या छंदाला देवाने एक मोठं वरदान दिलंय: जवळजवळ सगळ्या लेन्सा काळ्या असतात. कपाटातल्या तीनच्या चार झाल्या तरी लांबून कळत नाही. कॅनन कंपनी आपल्या मोठ्या टेलिफोटो लेन्स पांढऱ्या रंगात काढते, उन्हात तापू नयेत म्हणून. हेतू चांगला आहे, पण विवाहित माणसाने त्या वाटेला जाऊ नये. माझा हा कावा बायकोला पहिल्यापासून माहीत होता हे मला नंतर मुलीकडून कळलं. बायको रंग बघत नाही, झाकणं मोजते.

कोकणात राहून कॅमेरे बाळगणं म्हणजे बुरशीशी संसार करणं. जून ते सप्टेंबर हवेत पाणी इतकं, की चपलांना पांढरी लव येते, तिथे लेन्सची काय कथा! काचेवरच्या लेपावर फंगसचे बारीक धागे पसरतात, आणि वेळीच साफ केले नाहीत तर त्यातून पाझरणारं आम्ल काचेवर कायमचा ओरखडा ठेवून जातं. कातडी केस दिसायला देखणी, पण ओल धरते. पावसाळ्यात कॅमेरा तिच्यात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. पूर्वी आम्ही कपाटात झिरोचा बल्ब जळता ठेवत असू. बायकोचं म्हणणं, या घरात ऊबदार खोली फक्त निर्जीव वस्तूंना मिळते. मग कधीतरी ड्राय कॅबिनेट आणलं. आतली आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवणारं विजेचं कपाट, काचेचं दार, आत हिरवा आकडा. ते येऊन आठवडा झाला नाही तोच खालच्या कप्प्यात पोह्याचे पापड दिसले. पुढच्या पावसात मेतकूट आलं, मग मिरगुंडं. मी लेन्सच्या आरोग्याची बाजू मांडून पाहिली. पापड त्याहून जास्त कुरकुरीत राहिले होते, तेव्हा वाद तिथेच मिटला. आता श्रावणात शेजारपाजारचेही दोन डबे त्यात असतात, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला हिंगाचा वास येतो. गावात आम्हाला त्या कपाटामुळे जो मान आहे तो माझ्या फोटोंमुळे कधी मिळाला नव्हता.

कपाटाशेजारी पुस्तकांची मांडणी. तिथली काही पुस्तकं खर्चिक निघाली. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ वाचलं आणि मला टेलिफोटो लेन्सची गरज भासू लागली. वास्तविक माडगूळकर त्या जंगलात राहिले ते बघायला. चित्रं काढणारा माणूस, हातात कागद-पेन्सिल असली की त्याचं भागायचं. हे बायकोनेच दाखवून दिलं. तिने ते पुस्तक माझ्याआधी वाचलं होतं. गौतम राजाध्यक्षांचं ‘चेहरे’ मात्र मीच हौसेने आणलं आणि त्याची फळं अजून भोगतोय. त्यातलं एखादं पान उघडून “मी अशी का येत नाही?” हा प्रश्न दर दिवाळीला विचारला जातो. प्रकाश कसा मऊ करावा लागतो, खिडकीला पांढरी चादर कशी लावावी लागते, हे मी समजावतो. चादर लावून होते, तोवर तव्यावरचं घावन गार होतं, आणि गार घावनाकडे बघणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो त्याला कुठलाच प्रकाश पुरा पडत नाही.

सासऱ्यांचं प्रकरण वेगळं. ते कायम पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. कॅमेऱ्याचं मीटर समोर दिसेल ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं, तंत्राच्या भाषेत अठरा टक्के करडं. त्यामुळे पांढऱ्यावर नेम धरला की पांढरं मळकट येतं. हाताने एक्स्पोजर वाढवावं लागतं. मी ते वाढवतो. तरीही दर फोटोला सासरे म्हणणार, “जावईबापू, सदरा उजळ आला पाहिजे हं, नीळ घातलीय.” फोटोत काय किती उजळ यावं हे आधीच ठरवणाऱ्या अ‍ॅडम्सच्या झोन सिस्टीमचं सार एवढ्या थोडक्यात मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

आता मुलीबद्दल. तिच्या लहानपणीचे माझ्याकडे शेकडो फोटो आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत तिची पाठ आहे. कॅमेरा दिसला की ती पळायची. मी खट्टू व्हायचो, पण मग यूजीन स्मिथ भेटला. दुसऱ्या महायुद्धात १९४५ साली ओकिनावात तो जबर जखमी झाला, कॅमेरा हातात धरवेना. पुढच्या वर्षी परत फोटो काढायला लागला तेव्हा त्याने टिपलं ते आपल्या दोन चिमुकल्यांना, झाडीच्या काळोखातून उजेडाकडे चालत जाताना, पाठमोरं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९५५ साली ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रचंड प्रदर्शन भरलं, त्याचा शेवट या फोटोने होत असे. मी तो मुलीला दाखवला. ती आता कॉलेजात आहे. म्हणाली, “बाबा, ती मुलं फिरायला निघालीत. मी तुमच्यापासून लांब चालले होते.”

पण या साऱ्या घरांत मला सगळ्यात आपलं वाटतं ते दादासाहेब फाळक्यांचं. चित्रपटाआधी ते फोटोग्राफीही करत. गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं टिपत राहिले. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहताना सरस्वतीबाईंचे दागिने गेले, चित्रपटाच्या ताफ्याचा स्वयंपाक त्यांनीच सांभाळला, आणि रात्री अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं कामही केलं. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. पुढे ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. हे मी मोठ्याने वाचत असताना बायको पापड मोजत होती. म्हणाली, “दागिन्यांचं पान परत वाचू नका.”

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉनच्या घरी गंगा उलटी वाहिली. ही कलकत्त्यात जन्मलेली बाई. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, १८६३ मध्ये, लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला आणि हिने कोळशाच्या खोलीची डार्करूम केली, कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. घरातल्या मोलकरणी मेरीमाता झाल्या, नवरा जादूगार मर्लिन झाला. तिच्या जागी माझी बायको आणि मर्लिनच्या जागी मी, हे चित्र मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. दाढी लावून तासभर न हलता बसायचं म्हणजे अवघड आहे. त्या रात्री मी भांडी घासली.

आणि शेवटी फ्रेंच लेखक रोलां बार्थ. त्याच्या ‘कॅमेरा ल्युसिडा’ या पुस्तकाचं अर्धं काळीज म्हणजे एकच फोटो: त्याची आई पाच वर्षांची असतानाचा, काचघरातला, १८९८ सालचा. आई गेल्यावर फोटो चाळताना त्याला तिची खरी ओळख त्यात पटली. पुस्तकात इतर बरेच फोटो आहेत, हा मात्र त्याने छापलेला नाही. परक्याला तो एक साधा जुना फोटो वाटला असता, एवढंच त्याचं कारण. मला ते पूर्ण पटतं. कुमुदमावशीचा तो फोटो एका स्पर्धेला पाठवला होता, तिथे त्याला ‘प्रकाशाचा संयत वापर’ असा शेरा मिळाला. साडीची गोष्ट परीक्षकांना कशी कळणार? फोटोचा पुढचा भाग आमचा, कॅमेरेवाल्यांचा. मागचा भाग घरच्यांचा. माझ्या हार्ड डिस्कमधल्या हजारो फोटोंना तारीख आहे, वेळ आहे, लेन्सचं नाव आहे; साडी कोणाची होती ते नाही.

तेव्हा एक विनंती. रविवारी दुपारी जुना अल्बम काढा आणि घरात ज्यांना सगळ्यात जास्त आठवतं त्यांच्याशेजारी बसा. कोण, कुठे, केव्हा, आणि कोण कोणावर का रुसलं होतं, ते विचारून घ्या आणि फोटोच्या पाठीवर लिहून टाका. लिहिताना मऊ पेन्सिल वापरा आणि हात हलका ठेवा. बॉलपेनने दाबून लिहिलं तर अक्षर पुढच्या बाजूला उमटतं.