मावेजाची गाडी

वारंगा फाट्यावर नवी गाडी उभी केली की पहिला प्रश्न ठरलेला: "कितीला बसली?" पेढा त्यानंतर. गेल्या दीड महिन्यात या प्रश्नाची मी सहा वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. भावकीला पस्तीस लाख सांगितले, सोयऱ्यांना साठ. ज्यांचा हात उसनवारीसाठी शिवशिवत असतो त्यांना, "बँकेची हाय बाबा सगळी, मी निस्ता डायवर." खरा आकडा मला, चिरंजीवांना आणि विमा कंपनीला ठाऊक आहे, आणि आमच्या तिघांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

गाडीची जात 'कॉम्पॅक्ट लक्झरी एसयूव्ही'. यातल्या मधल्या शब्दानं पहिल्याच दिवशी घोटाळा केला. आमच्याकडं लक्झरी म्हणजे रात्री नांदेडहून पुण्याला सुटणारी, पडदेवाली बस. चिरंजीवांनी फोनवर आईला सांगितलं, "लक्झरी बुक केली." तिनं शेजारी सांगितलं. संध्याकाळपर्यंत फाटाभर झालं की बापूनं ट्रॅव्हल्सच्या धंद्यात उडी घेतली. दोघं जण क्लीनरच्या जागेसाठी भेटूनही गेले. गाडी आली तेव्हा त्यातला एक हजर होता. त्यानं तिला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि विचारलं, "बाकीची मागून येऊ लालीय का?"

पैसा कुठून आला तेही सांगून टाकतो, नाहीतर तर्क सुरू होतात. नागपूर-तुळजापूर महामार्ग, म्हणजे 361 नंबरचा, चौपदरी झाला तेव्हा लोहा ते वारंगा या टप्प्यात डोंगरकड्याच्या अंगाचं माझं साठ गुंठे रान गेलं. आधी भूसंपादनाचं थ्री-ए निघालं, मग थ्री-डी. शहरात थ्री-डी म्हणजे चष्मा लावून बघायचा सिनेमा. आमच्याकडं थ्री-डी निघालं की जमीन सरकारची, चष्मा लावा की काढा. त्यानंतर थ्री-जी, म्हणजे मावेजा किती त्याचा निवाडा. देशात फोर-जी येऊन जुनं झालं तरी आम्ही तलाठ्याला, "थ्री-जी कधी येणार?" असं विचारत होतो, आणि पाहुणे आमच्याकडं दयेनं बघत होते.

मावेजा आला. लेकीचं लग्न, दोन कोरडे बोअर आणि घराचा स्लॅब यांत बराचसा जिरला. उरला तो मुदत ठेवीत पडला. 2023 साली हळदीनं कधी नव्हे ते डोकं वर काढलं, तेव्हा त्यात आणखी थोडी भर पडली. चिरंजीव हिंजवडीला असतात. ते म्हणाले, "पप्पा, जन्मभर ट्रॅक्टरवर हाडं खिळखिळी केलीत, आता जरा सुखानं बसा." उरलेल्या रकमेचं कर्ज त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं. सुखानं बसायला इतकी कागदपत्रं लागतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यांनी तक्ता पाठवला. ऑडी क्यू 3, बीएमडब्ल्यू एक्स 1, मर्सिडीज जीएलए, आणखी एक-दोन. यातली कोणती घेतली की भलतीच कुठली, ते लिहीत नाही. कंपनीनं मला गाडी फुकट दिली आणि त्या बदल्यात मी ती फाट्यावर मिरवतो, असं म्हणणारे लोक आधीच आहेत.

आमचे चुलते, आबा, वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी विचारलं, "जर्मनीहून बोटीनं आणली म्हण." चिरंजीवांनी समजावलं की या गाड्या बहुतेक सुट्या येतात आणि इथं जोडतात. ऑडी आपल्या शेंद्र्याला, मर्सिडीज चाकणला, बीएमडब्ल्यू तिकडं चेन्नईकडं. आबा म्हणाले, "शेंद्र्याला? म्हंजे संभाजीनगरच्या अलीकडं. मग येवढं भाडं कशाचं लावलं?"

तशी मराठवाड्याला या प्रकाराची सवय हवी होती. ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादकरांनी एका दमात 150 मर्सिडीज घेतल्या होत्या, पासष्ट कोटींच्या घरात, आणि स्टेट बँकेनं 7 टक्क्यांनी कर्ज दिलं होतं. ट्रॅक्टरचं कर्ज मात्र त्याहून चढ्या व्याजाचं. पी. साईनाथांनी त्यावर सणसणीत लेख लिहिला होता. तो वाचून तेव्हा मी फाट्यावरच्या हॉटेलात टेबलावर मूठ आपटून बोललो होतो, आणि ऐकणाऱ्यांतले चौघं अजून हयात आहेत. त्यांनी गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पेढा घेताना म्हणाले, "टेबल मोडलं व्हतं बापू तुमी."

व्याजाचं उट्टं सरकारनं जीएसटीत काढलं म्हणायचं. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवर 5 टक्के आणि माझ्या गाडीवर 40. वर राज्याचा रस्ता कर, वीस लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के. रस्त्यासाठी मी जमीन दिली, जमिनीच्या पैशाची गाडी घेतली, आणि गाडीपायी रस्त्याला पुन्हा पैसे दिले. मला वाटतं, या व्यवहारात मी एकटाच दोन्ही बाजूंनी हजर होतो.

नंबरावरून घरात थोडं वाजलं. चिरंजीवांना पुण्याचा एमएच 12 हवा होता. मी म्हटलं, एमएच 38. हा आमचा हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला. त्याच्या आधी कुणी पाहुण्यानं गाव विचारलं की परभणीपासून सांगत सांगत फाट्यापर्यंत यावं लागायचं. आता पाटीवर येतंय तर लावू की.

गाडीची खरी परीक्षा आबांनी घेतली. दार उघडून आत डोकावले. "किती बसतेत?"

"पाच."

"पाचच?" त्यांच्या जमान्यात काळी-पिवळीत चौदा बसायचे, आणि ड्रायव्हर दाराबाहेर निम्मा लोंबकळत गाडी हाकायचा. मधल्या पाचव्याच्या पायाशी उंचवटा आहे, त्यामुळं तो उकिडवा बसतो, हे त्यांनी लगेच ताडलं. मग डिक्की. "हळदीचे कट्टे किती?" दोन आरामात, तिसरा दाबून. आबांनी मान हलवली. बोलेरोशी तुलना करून गाडी नापास झाली होती. मी छपराची काच उघडून दाखवली. आबांनी वर बघितलं, ऊन चव्वेचाळीस अंशांचं होतं. म्हणाले, "पत्र्याला भोक पडलं तर आपण डांबर लावतो. हे भोक पाडायचे पैसे घेतेत?"

मागचं दार पायानं उघडतं. किल्ली खिशात ठेवून बंपरखाली पाय हलवायचा, दार आपसूक वर जातं. हे दाखवायला मी फाट्यावर खिचडीच्या हॉटेलासमोर उभा राहिलो. वारंग्याच्या खिचडीसाठी नांदेडहून नागपूरकडं जाणारी माणसं मुद्दाम थांबतात. गर्दी दांडगी होती, आणि तिच्याकडं तोंड करून मी पाय झाडत होतो. दार उघडेना. डावा पाय झाडला, उजवा झाडला. एका बाईनं काळजीनं विचारलं, "मुंग्या आल्या का हो पायाला?" मी नाद सोडून खिचडीची प्लेट हातात घेतली, गाडीला टेकून पहिला घास तोंडात घातला, तेवढ्यात हॉटेलचं कुत्रं शेपटी हलवत बंपरखालून गेलं. दार मोठ्या दिमाखात वर गेलं. आत युरियाची रिकामी पोती, कोयता, केळीच्या दोन फण्या आणि मंडळींनी माहेराहून आणलेली लोणच्याची बरणी, असं सगळं लक्झरी निळ्या दिव्यांत झळकलं. कुत्र्याचं कौतुक झालं. अजूनही होतं. लोक मला सांगतात, "कुत्र्याला बलवा, डिक्की उघडंल."

आता चालवण्याविषयी. यंत्र म्हणून नाव ठेवायला जागा नाही. पायानं नुसतं चुचकारलं तरी निघते, आतमध्ये आवाज नाही, मंडळी अर्धापूर यायच्या आत झोपतात. पण स्वभाव भित्रा. पुढं रडार आहे, काचेवर कॅमेरा आहे, आणि दोघं मिळून रस्ता बघतात. हा रस्ता त्यांनी पूर्वी पाहिलेला नाही. हळदीनं भरलेली, मागं दिवा नसलेली ट्रॉली दिसली की पडद्यावर लाल त्रिकोण. म्हैस दिसली की शिट्टी. उलट्या बाजूनं येणारी मोटरसायकल, तिच्यावर तिघं आणि आडवी धरलेली शिडी, असं दिसल्यावर तर एकदा गाडी मला न विचारता जागेवर थांबली. शिडीवाले शांतपणे निघून गेले. मागच्या एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडी काढून माझ्या खानदानाची चौकशी केली. त्याला काय सांगू, ब्रेक मी मारला नाही म्हणून? खानदान वाचलं असतं, अक्कल गेली असती.

आरशात बारका पिवळा दिवा लागतो, बाजूला कुणी आहे असं सांगायला. फाट्यावर तो लागला की लागला, विझतच नाही. फाट्यावर बाजूला कुणी नाही असं होत नाही.

पंधराव्या दिवशी चाकात खिळा गेला. चाचांच्या दुकानात नेली. गेली तीस वर्षं माझ्या सायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची हवा त्यांनी पाहिली आहे. त्यांनी डिक्कीचा गालिचा उचलला, खाली हात घालून चाचपलं.

"स्टेपनी किधर है?"

"नहीं है."

चाचांचा हात थांबला. आवाज खाली आणून म्हणाले, "चोरी गई?"

मी सांगितलं की कंपनी देतच नाही, एक बाटली देते, औषधासारखी, ती चाकात सोडायची. चाचांनी बाटली उजेडात धरून फिरवून पाहिली. "इत्ते पैशे लेके दवा दिये?" मग ती जपून परत ठेवली, खिळा काढला, रबरी बत्ती घातली, हवा भरली आणि शंभर रुपये घेतले. त्यानंतर मी फाट्यावरून गेलो की ते हात करून विचारतात, "तबियत कैसी है?" माझी विचारतात असं मला सुरुवातीला वाटायचं.

राहिली बोलणारी बाई. स्टिअरिंगवरचं बटण दाबून बोललं की गाडी ऐकते आणि उत्तर देते. चिरंजीव इंग्रजीत बोलतात तेव्हा लगबगीनं कामाला लागते. मी "लई गरम होऊ लालंय" म्हटलं तर तिनं हिमायतनगरचा रस्ता दाखवायला घेतला. "आबाला फोन लाव" म्हटलं तर शेतीऔषधांच्या दुकानदाराला लावला, आणि त्यानं मागच्या हंगामाची उधारी काढली. तेव्हापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलतो.

परवा दिवस मावळताना मंडळींना घेऊन रानाकडं निघालो. महामार्गापलीकडं उरलेल्या तुकड्यात यंदा हळद आहे, पाणी कुठवर आलंय ते बघायचं होतं. रस्ता मोकळा, ऐंशीचा वेग. मंडळी जाग्या होत्या, हे विशेष. बाभळीचं जुनं खोड दिसलं की आमचं रान सुरू होतं, म्हणजे व्हायचं. गाडीतलं घड्याळ समोरच असतं, म्हणून एकदा मोजून पाहिलं होतं. ऐंशीच्या वेगानं साठ गुंठे नऊ सेकंदांत संपतात. वडील बैलांनी नांगरायचे तेव्हा तीन दिवस जायचे, आणि तिसऱ्या दिवशी ते कुणाशी बोलायचे नाहीत.

वेग कमी केला आणि बांधाची जागा आली तशी डावीकडं घेतली. दिवा दाखवायचा राहिला. पस्तीस वर्षं त्या वळणावर मी कधी दिवा दाखवला नव्हता, बैलगाडीला नसतोच. स्टिअरिंग हातात थरथरलं. पडद्यावर पांढरी पट्टी लाल झाली आणि चाक आपलं आपण परत रस्त्याकडं वळायला लागलं. मी रानाकडं ओढतोय, गाडी महामार्गाकडं ओढतेय. शेवटी दोघंही दमलो आणि निम्मी गाडी मुरमावर, निम्मी डांबरावर अशी थांबली.

"काय म्हणू लालीय?" मंडळींनी विचारलं.

"रस्ता सोडू नका म्हणतीय."

त्या काचेतून बाहेर बघत होत्या. डांबराच्या मधोमध, दुभाजकात कण्हेरी लावल्यात तिकडं.

"तिला सांगा," त्या म्हणाल्या, "हितं आपली विहीर व्हती."

मी बटण दाबलं आणि सांगितलं. सावकाश, शुद्ध मराठीत, शाळेत धडा वाचतात तसं. पडद्यावर गोल फिरायला लागला. बराच वेळ फिरला. मग गाडीनं जवळचे तीन पेट्रोल पंप दाखवले.