सत्तरवाला

न्यू जर्सीतल्या आमच्या शेजाऱ्याकडे कपाटभर चांदीची नाणी आहेत आणि त्यातल्या एकालाही त्याचं बोट लागलेलं नाही. आम्ही घरात त्याला ‘सत्तरवाला’ म्हणतो. वय अजून पासष्टच. सत्तर हे त्याच्या नाण्यांचे मार्क.

अमेरिकेची टांकसाळ १९८६पासून ‘सिल्व्हर ईगल’ नावाचं नाणं पाडते. एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम चांदी, शुद्धता ९९.९ टक्के, दर्शनी किंमत एक डॉलर. साधा माणूस चांदीच्या भावावर चार पैसे जास्त मोजून ते घेतो आणि तिजोरीत टाकतो. सत्तरवाल्याला हा शुद्ध अडाणीपणा वाटतो. त्याचं नाणं आधी पीसीजीएस नाहीतर एनजीसी कंपनीत परीक्षेला बसून येतं. तिथले परीक्षक त्याला ७०पैकी मार्क देतात आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं कोंडतात. या डबीला म्हणायचं ‘स्लॅब’. ७० मार्क म्हणजे पाचपट मोठं करून पाहिलं तरी टांकसाळ सोडल्यानंतरचा एकही ओरखडा दिसत नाही. ६९ म्हणजे दिसतो. कुणाला, ते विचारायचं नाही.

पार्सल आलं की हा जेवणाचं टेबल पुसून घेतो आणि पांढरे सुती हातमोजे चढवतो. नाणं प्लॅस्टिकमध्ये, तरी हातमोजे! “प्लॅस्टिकवर ठसे उमटतात ना,” तो समजावतो. मग दिव्याखाली डबी तिरकी धरून, डोळ्याला भिंग लावून, नाण्यावरच्या चालत्या लिबर्टीच्या झग्याची एकेक चुणी तपासतो. तपासायचे पैसे कंपनीला दिलेत, आणि तपासतोय हाच! त्याला धास्ती ‘मिल्क स्पॉट’ची. हे पांढुरके ठिपके कधीकधी डबी बंद झाल्यावरही नाण्यावर उगवतात. तसा एक सापडला त्या रात्री तो जेवला नव्हता.

पण खरी मिजास सहीची. जॉन मर्कँटी हे टांकसाळीचे बारावे मुख्य एन्ग्रेव्हर. १९८६ ते २०२१ या नाण्याच्या मागच्या बाजूला जो गरुड होता, तो त्यांचा. त्यांच्या सहीच्या डब्यांना कपाटात स्वतंत्र कप्पा आहे. खालच्या कप्प्यात टांकसाळीचे माजी संचालक एडमंड मॉय. सही नाण्यावर नसते बरं का. डबीतल्या कागदी लेबलवर असते. म्हणजे चांदी टांकसाळीची, मार्क कंपनीचे, सही कागदाला आणि भुर्दंड याला. त्याची बायको एकदा म्हणाली, “नुसता कागदच मागवत जा, स्वस्तात पडेल.” दोन दिवस अबोला होता.

“दुर्मीळ आहे,” हा त्याचा आवडता शब्द. २०१५ साली ४ कोटी ७० लाख ईगल पाडले गेले, हे त्यालाही पाठ आहे. “पण ७० मार्कांचे किती? त्यातले पहिल्या तीस दिवसांतले किती? त्यातले सहीवाले किती?” अशी अटीला अट लावत गेलं, तर आमच्या गल्लीतला पोस्टमनही दुर्मीळ ठरेल.

गेल्या दिवाळीत त्याला लक्ष्मीपूजनाला बोलावलं. पाटावर आजीने दिलेलं चांदीचं नाणं होतं, हळदकुंकू लावलेलं. त्याने भिंग काढलं. “हे इतकं चकाकतं कसं?” माझी बायको कौतुकाने म्हणाली, “कालच टूथपेस्ट लावून घासलंय!” तो मटकन खुर्चीत बसला. घासलेल्या नाण्याला या परीक्षेत आकडाच मिळत नाही. लेबलवर ‘क्लीन्ड’ असा शेरा येतो. आमची लक्ष्मी भर पूजेत नापास झाली. प्रसाद मात्र त्याने दोनदा घेतला.

७० मार्कांची ही पट्टी विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली जुन्या अमेरिकन सेंटसाठी काढली. ते वारल्यानंतर उघडकीला आलं, की याच गृहस्थांनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी स्वतःकडचे डावे ठेवले होते. मी हे मुद्दाम सत्तरवाल्याच्या कानावर घातलं. जरासुद्धा न डगमगता तो म्हणाला, “बघ, पारख होती की नाही माणसाला!”

तर मंडळी, चांदी घ्यायची तर वजन आणि शुद्धता बघून घ्या. वर डबीचे, मार्कांचे आणि सहीचे पैसे मोजायचे असतील तर खुशाल मोजा, हौसेला मोल नसतं. फक्त घरी त्याला गुंतवणूक म्हणू नका. चांदी गाळणाऱ्याच्या काट्यावर ७० मार्कांचं नाणंही ३१.१ ग्रॅमच भरतं आणि ६९चंही.